चुकीला परतीची वाट असते का? : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची पुन्हा पुन्हा सुरुवात



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, “सर, पत्रिकेत काहीतरी घोटाळा झालाय. तुमच्या नावाखाली व्हिडिओ गेम छापलंय.” मी म्हटलं, घोटाळा नाही, तोच विषय आहे. “मग तत्त्वज्ञानाचं काय?” म्हटलं, ते येईल मागून चालत. त्याला सवय आहे.

विषय का निवडला ते आधी सांगतो, कारण त्यात माझा एक कबुलीजबाब आहे. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तिथे नवी कॉम्प्युटरची खोली झाली होती. चपला बाहेर काढून आत जायचं, यंत्रावर कापडी झाकण, आणि सबंध इमारतीत एसी काय तो त्या एका खोलीत. थोड्याच दिवसांत तक्रार आली की मुलं तिथे गेम खेळतात. रीतसर समिती नेमली गेली. तिघांत एक मी. एका संध्याकाळी आम्ही अचानक आत गेलो. एका पडद्यावर पांढऱ्या कपड्यातला एक इवलासा माणूस धावत होता. त्याने उडी मारली, समोरच्या कड्याला बोटांनी लटकला, आणि हळूच अंग वर ओढून घेतलं. खरं सांगतो, मी क्षणभर बघतच राहिलो. आणि मग आम्ही सगळे गेम यंत्रावरून काढून टाकायला लावले. तो मुलगा एवढंच म्हणाला, “सर, बाराव्या लेव्हलला होतो. आठ मिनिटं राहिली होती.” मी त्याला वेळेच्या सदुपयोगावर चार शब्द ऐकवले. ती आठ मिनिटं कसली, हे मला कळायला पुढे पंचवीसएक वर्षं लागली. त्याकडे शेवटी येतो.

तर तो खेळ म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. गेल्या पस्तीसेक वर्षांत या खेळाची नव्याने सुरुवात अनेकदा झाली. याला रीबूट म्हणतात. शब्द कॉम्प्युटरचाच. यंत्र अडकलं की आपण काय करतो? बंद करतो, पुन्हा चालू करतो. आधीचं अर्धवट काम जातं, यंत्र मात्र तेच राहतं. कथेच्या बाबतीतही तसंच. पुढचा भाग काढला तर मागचं सगळं खरं धरावं लागतं. रिमेक म्हणजे तीच गोष्ट नव्या साहित्याने पुन्हा बांधायची. रीबूट म्हणजे मागचं सगळं बाजूला ठेवून, नाव तेच घेऊन, पहिल्यापासून सांगायचं.

मग प्रश्न असा, की नायक बदलला, गोष्ट बदलली, बनवणारे बदलले, तर ‘तोच’ खेळ म्हणायचं कशाच्या जोरावर? आपल्याकडे वेदान्ताच्या वर्गात एक ठरलेलं उदाहरण असतं: सोऽयं देवदत्तः, ‘तो हा देवदत्त’. ‘तो’ म्हणजे पूर्वी काशीत पाहिलेला, तरुण. ‘हा’ म्हणजे आज इथे उभा असलेला, केस पिकलेला. ती जागा ही नाही, तो काळ हा नाही. तरी आपण ‘तोच हा’ म्हणतो आणि चुकत नाही. वेदान्ती सांगतात, न जुळणारा भाग सोडून द्या, जुळतो तो ठेवा. हीच कसोटी आज या खेळाला लावून बघू. काय सोडलं गेलं, आणि काय उरलं?

सुरुवात १९८५ ची आहे. जॉर्डन मेकनर हा अमेरिकन तरुण येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडला होता. शिकत असतानाच त्याने ‘कराटेका’ नावाचा एक गेम लिहिला होता, तो १९८४ मध्ये आला आणि चांगला चालला. दुसऱ्या गेमसाठी त्याच्या डोक्यात ‘अरेबियन नाइट्स’चं जग होतं. शिवाय ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ची पहिली काही मिनिटं, म्हणजे ते सापळे, ती उडी, ते धावणं. त्याला हवा होता खऱ्या माणसासारखा हलणारा नायक. तेव्हाच्या खेळांतली माणसं बाहुल्यांसारखी सरकत असत.

त्याने केलं काय, तर धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका गाडीतळावर पळायला, उड्या मारायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण केलं. मग टीव्हीवर ते चित्र थांबवून थांबवून साध्या कॅमेऱ्याने फोटो काढले, ते धुऊन आणले, आकृतीची बाह्यरेषा ठळक केली, आणि एकेक आकृती कॉम्प्युटरमध्ये उतरवली. चित्रपटावरून चित्र गिरवण्याची ही युक्ती मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ च्या सुमारास कार्टूनसाठी काढली होती. तलवारबाजीसाठी डेव्हिडचा उपयोग नव्हता, त्याला ती येत नव्हती. म्हणून १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातल्या एरल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वातले काही क्षण घेऊन ते गिरवले. संगीत दिलं वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी. ते मानसशास्त्रज्ञ. त्यांचं ज्यू कुटुंब नाझी काळात व्हिएन्नातून जीव वाचवून निघालेलं. हे लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

गोष्ट साधी होती. सुलतान युद्धावर गेलाय. वजीर जाफर राजकन्येला सांगतो, एका तासात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरात कैद आहे. त्याला साठ मिनिटांत बारा मजले पार करून वर यायचंय. साठ मिनिटं म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची साठ मिनिटं. खाली भाले आहेत, निखळणाऱ्या फरश्या आहेत, जबड्यासारख्या मिटणाऱ्या सुऱ्या आहेत. मेलात तर त्या मजल्याच्या सुरुवातीला परत येता. घड्याळ मात्र परत येत नाही. मरण्यात गेलेला वेळ गेला तो गेलाच.

काम चार वर्षं चाललं. मध्येच मेकनर पटकथा लिहायच्या नादी लागला आणि गेम बाजूला पडला. परत आला तेव्हा सहकारी टोमी पिअर्स म्हणू लागल्या की यात झुंज हवी, प्रतिस्पर्धी हवा. पण यंत्राची स्मृती भरून गेलेली. नव्या माणसाच्या आकृती ठेवायच्या कुठे? तेव्हा उपाय असा निघाला की नायकाच्याच आकृती एका गणिती युक्तीने उलटसुलट करून पडद्यावर आणायच्या. त्यातून एक झिरझिरीत, चमकणारा छायापुरुष तयार झाला. जागेची अडचण होती म्हणून नायकाचा शत्रू नायकच झाला! चौथ्या मजल्यावर वाटेत आरसा येतो. त्यातून उडी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उडी मारली की पलीकडून छाया बाहेर पडते आणि तुमची शक्ती निथळून जाते. पाचव्या मजल्यावर तुमच्या डोळ्यांदेखत ती तुमचं औषध पिऊन टाकते. शत्रू कोण, तर आपणच.

१९८९ मध्ये हा गेम ‘अ‍ॅपल टू’ या यंत्रासाठी बाहेर आला आणि फारसा खपला नाही, कारण ते यंत्रच तेव्हा अखेरच्या घटका मोजत होतं. पुढे डॉसवर आला, मॅकवर आला, आणि मग जगभर पसरला. तसाच आमच्या एसीच्या खोलीतही पोचला, अर्थात फ्लॉपीवरून फ्लॉपीवर. १९९३ मध्ये दुसरा भाग आला. १९९९ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ आला. सगळीकडे त्रिमिती आली होती म्हणून यालाही त्रिमितीत बसवला. नाव तेच, तलवार तीच, आणि खेळ साफ पडला. आता देवदत्ताची कसोटी लावा. नाव, वेश, राजवाडा सगळं जुळत होतं, तरी लोक ‘तोच हा’ म्हणेनात. म्हणजे ओळख नावात आणि वेशात नव्हती.

खरं रीबूट आलं २००३ मध्ये, ‘द सँड्स ऑफ टाइम’. खेळाचे हक्क मेकनरने स्वतःकडे ठेवले होते. त्याच्याकडून परवानगी घेऊन युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या माँट्रियलच्या स्टुडिओने नव्याने सुरुवात केली. पात्रीस देझिले हे सर्जनशील दिग्दर्शक. गोष्ट लिहायला त्यांनी मेकनरलाच बोलावलं. आणि ही गोष्ट सुरू होते आपल्याकडे, भारतात! एका महाराजाच्या राजवाड्यावर पर्शियाची फौज चालून येते. महाराजाचा वजीर फितूर होतो. तरुण राजपुत्र लुटीत एक खंजीर मिळवतो. त्या खंजिराला काळाची वाळू लागली की काळ मागे फिरवता येतो. पुढे त्याच वजिराच्या भुलावणीने राजपुत्र वाळूचं प्रचंड घड्याळ उघडतो, आणि माणसांची पिशाच्चं होतात. सोबतीला उरते महाराजाची मुलगी फराह, म्हणजे ज्यांना लुटलं त्यांचीच लेक.

इथे खेळाचा नियम पार उलटा झाला. उडी चुकली? खंजीर वापरा, काळ काही क्षण मागे घ्या, पुन्हा उडी मारा. पण वाळू मोजकी. संपली की चूक कायमची. आणि सबंध खेळ म्हणजे राजपुत्राने सांगितलेली गोष्ट आहे. तुम्ही मेलात की निवेदकाचा आवाज येतो, की छे, असं घडलंच नव्हतं. कीर्तनकार चुकीची ओवी म्हणून गेला की स्वतःलाच थांबवतो, तसं काहीसं.

शेवट फार विचार करायला लावणारा आहे. राजपुत्र काळ इतका मागे नेतो की हल्ला झालेलाच नाही. वाळू सांडलीच नाही. तो फराहकडे जाऊन तिला सगळी हकीकत सांगतो. ती ऐकते, पण तिच्या दृष्टीने हा परका माणूस आहे. दोघांनी जे सोसलं, जो जीव लावला, तो आता फक्त एकाच्या आठवणीत आहे. चूक पुसली तर चुकीतून जोडलेलं माणूसही पुसलं गेलं. ती नाव विचारते तेव्हा तो एक शब्द सांगतो, जो तिने कधीकाळी त्याच्यापाशीच उघड केलेला होता: काकोलुकिया.

हा शब्द नातीच्या टीव्हीवर ऐकला तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. पंचतंत्रातलं तिसरं तंत्र ‘काकोलूकीय’, कावळ्यांची आणि घुबडांची गोष्ट, ते कानात वाजलं. आणि पंचतंत्राचा प्रवास तर आपल्याला माहीत आहे. सहाव्या शतकात खुश्रू अनुशिरवानच्या काळात बुर्जोई वैद्याने ते पहलवीत नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं. आपले करटक आणि दमनक तिथे कलीला आणि दिम्ना झाले. नावं बदलली, भाषा बदलली, श्रोते बदलले. प्रश्न तोच राहिला: अडचणीत शहाण्याने वागावं कसं? पर्शियाने पूर्वी आपल्या गोष्टीचं रीबूट केलं होतं असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. गोष्टी अशाच जगतात. जशीच्या तशी राखून ठेवलेली गोष्ट पोथीत राहते.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. २००४ मध्ये दुसरा भाग आला, ‘वॉरियर विदिन’. राजपुत्र एकदम रागीट, काळोखा, कर्कश संगीत. अनेकांना वाटलं की हा आपला नव्हे. २००५ मध्ये तिसरा भाग येऊन ती मालिका संपली. त्याच सुमारास याच घराण्याचा पुढचा गेम म्हणून एक कल्पना चालली होती, मारेकऱ्यांच्या पंथाची. ती इतकी वेगळी होत गेली की तिला वेगळं नाव द्यावं लागलं, आणि २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ जन्माला आला. म्हणजे पाहा, १९९९ मध्ये नाव होतं, आत्मा नव्हता. इथे रक्त या घराण्याचं आणि आडनाव दुसरं. पुढे हे दत्तक गेलेलं पोर मूळ घराण्यापेक्षा कितीतरी मोठं झालं.

२००८ मध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नायक आता राजपुत्रसुद्धा नाही, एक भटका आहे. त्याच्या हरवलेल्या गाढवीचं नाव मात्र फराह! सोबत एलिका नावाची राजकन्या. पार्श्वभूमीला ओरमझ्द आणि अहरिमन. पारशी शेजार लाभलेल्या आपल्या लोकांना ही नावं परकी नाहीत. या खेळात तुम्ही मरतच नाही. दरीत पडू लागलात की एलिका हात धरून वर घेते, दर वेळी. जुन्या खेळाडूंनी ओरड केली: मरण नाही तर खेळ कसला?

मला ही तक्रार अर्धीच पटते. कारण शेवट बघा. अहरिमनला कोंडण्यासाठी एलिका प्राण देते. नायकाला ते सोसवत नाही. तो एकेक करून झाडं तोडतो, अहरिमनला मोकळं करतो आणि तिला परत आणतो. तिच्या बापाने पूर्वी हाच सौदा केला होता, आणि त्यातूनच सगळा अनर्थ सुरू झाला होता. ती कुऱ्हाड तुमच्या हातून चालवून घेतली जाते. खेळ पुढे न्यायचा तर दुसरा रस्ता ठेवलेलाच नाही. म्हणजे सबंध खेळभर चुकीची किंमत शून्य, आणि शेवटी एकच चूक, जिची किंमत सगळं जग. या सुरुवातीचा पुढचा मोठा भाग कधी निघाला नाही.

२०१० मध्ये चित्रपट आला आणि आणखी एक गेम. मग जवळजवळ चौदा वर्षं मोठा नवा खेळ नाही. जानेवारी २०२४ मध्ये युबीसॉफ्टच्या मोंपेलिए इथल्या स्टुडिओचा ‘द लॉस्ट क्राउन’ आला. नात म्हणाली, “आजोबा, तुमचा प्रिन्स आला.” मी बघतो तर नायकाचं नाव सारगॉन. तो राजपुत्राला सोडवायला निघालेला एक योद्धा आहे. मी म्हटलं, अगं, हा तो नव्हे. ती म्हणाली, “थांबा ना, बघा तर.” बघत बसलो. काफ नावाच्या डोंगरावर काळ बिघडलाय. सिमुर्ग पक्ष्याची पिसं मिळाली की शक्ती येतात. त्यातली एक अशी, की आपली छाया एका जागी ठेवून पुढे जायचं, आणि फसलं तर छायेच्या जागी परत यायचं. छाया पुन्हा आली! १९८९ मध्ये ती वैरीण होती, आता परतीची खूण झाली. दुसरी सोय अशी, की जिथे वाट अडली त्या जागेचं चित्र नकाशावर टोचून ठेवता येतं. म्हणजे आपलं अपयश विसरू नये म्हणून त्याची नोंद ठेवायची. आणि पहिल्यांदाच या पर्शियातली माणसं फारसीत बोलतानाही ऐकता येतात. मी नातीला म्हटलं, तू म्हणतेस ते बरोबर आहे. तो हा देवदत्त.

आता हिशेब करू. काय काय सोडलं गेलं? नायक, राजकन्या, वजीर, साठ मिनिटं, मरणसुद्धा. काय उरलं? एक प्रश्न: झालेली चूक परत घेता येते का, आणि घेतली तर कोण काय मोजतं? १९८९ चं उत्तर, नाही येत. २००३ चं उत्तर, येते, पण जोडलेलं माणूस गमावून. २००८ चं उत्तर, मोह आवरला नाही तर जग बुडतं. २०२४ चं उत्तर, खूण करून ठेव, शक्ती कमाव आणि परत ये. जिथे हा प्रश्न धरला तिथे बाकी सगळं बदलूनही ओळख पटली. जिथे नुसतं नाव धरलं तिथे पटली नाही.

कोणी म्हणेल, सर, तुम्ही उगाच उदात्त करताय. कंपन्या जुनं नाव वापरतात कारण त्याला गिऱ्हाईक असतं. खरंच आहे, नाकारत नाही. पण नाव विकणं आणि वारसा चालवणं या दोन गोष्टी एकाच दुकानात घडू शकतात. आपल्या नाट्यसंस्थांनाही गल्ला लागत होताच की.

शिवाय ‘जसंच्या तसं’ करणंही सोपं नसतं. २००३ च्या खेळाचा रिमेक सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला, आणि तो घडत होता पुण्यात आणि मुंबईत, कंपनीच्या इथल्या स्टुडिओंमध्ये. महाराजाच्या राजवाड्याची गोष्ट आपल्या मुलामुलींच्या हातात आली होती. पहिली झलक पाहून लोकांनी नाकं मुरडली, तारखा पुढे गेल्या, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे सोपवलं गेलं. मला त्या मुलांबद्दल वाईट वाटतं. नवी गोष्ट सांगणाऱ्याला लोक थोडी सवलत देतात. जुनी पुन्हा सांगणाऱ्याची तुलना मात्र लोकांच्या आठवणीशी होते, आणि आठवणीतला खेळ मूळ खेळापेक्षा नेहमीच देखणा असतो.

मूळ खेळाचं काय झालं? मेकनरने लिहिलेली मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, कितीतरी वर्षं हरवलेली होती. २०१२ मध्ये वडिलांना घरातल्या जुन्या खोक्यात फ्लॉपी सापडल्या. जुनी माध्यमं वाचवणाऱ्या जाणकारांनी त्या जपून वाचल्या आणि मेकनरने ती आज्ञावली सर्वांसाठी इंटरनेटवर खुली केली. याच मेकनरने अलीकडे कुटुंबाच्या निर्वासनाची कहाणी चित्ररूपात सांगितली. त्या पुस्तकाचं नाव ‘रीप्ले’. ज्या घराला एकदा सगळं मागे टाकून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, त्या घरच्या मुलाला काळ मागे नेण्याचा खेळ सुचावा, यावर मी जास्त बोलणार नाही. तुम्हीच विचार करा.

शेवटी माझा कबुलीजबाब पुरा करतो. निवृत्तीनंतर नातीने तोच जुना खेळ मला उघडून दिला. माझी बोटं चालत नाहीत, म्हणून बराचसा तिनेच खेळून दाखवला. बाराव्या लेव्हलला छायापुरुष समोर येतो, तलवार उपसून. नातीने वार केला. छाया घायाळ झाली, आणि नायकाचंही रक्त तेवढंच कमी झालं. पुन्हा वार, पुन्हा तेच. मग काय करायचं? तलवार म्यान करायची. समोरचाही करतो. मग सरळ त्याच्याकडे जायचं, आणि दोघे एक होतात. त्यानंतर समोर दरी आहे, पूल नाही. पण पाऊल टाकलं की पायाखाली फरशी उमटत जाते.

मी वर्षानुवर्षं वर्गात आत्म्यावर, द्वैत-अद्वैतावर बोललो. त्या संध्याकाळी एक मुलगा याच जागेपाशी येऊन ठेपला होता, आठ मिनिटं हाताशी ठेवून, आणि मी यंत्र बंद करायला लावलं. त्याला मी वेळेचं महत्त्व सांगितलं, ज्याने साठांतली बावन्न मिनिटं मोजून वापरली होती!

तो मुलगा आज पन्नाशीत असेल. माझ्याकडे खंजीर नाही. खूण तेवढी करून ठेवावी, म्हणून आज इथे बोललो. त्याच्यापर्यंत हे पोचलं, तर त्याने एवढं समजावं की समितीतल्या एका सभासदाने तलवार म्यान केली आहे.